दगडावरची चिठ्ठी
कातण्यानं शंकरपाळ्या पाडायला बसले की मला तो काळा दगड आठवतो आणि तोंड कडू होतं. सत्तरच्या दशकात मी पलूसहून एसटीनं सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीला यायचे. आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या दगडात तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाची साल उमटलेली होती. वर आमच्या सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती, लेपिडोडेंड्रॉन. त्या झाडाच्या सालीवर पानं गळाल्याच्या खुणा शंकरपाळ्यांसारख्या, तिरक्या फिरत गेलेल्या असतात. दगडावरच्या खुणा मात्र शिक्के मारल्यागत सरळ उभ्या रांगांत होत्या. म्हणजे ते त्याच्या नात्यातलं दुसरं झाड होतं, सिजिलॅरिया. प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठी झाकून तोच दगड ओळखायला ठेवला, आणि मी सिजिलॅरिया लिहिलं. साताऱ्याहून आलेल्या परीक्षकांनी दगड खिडकीच्या उजेडात धरला, माझं उत्तर वाचलं आणि सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते. दुपारी परीक्षकांना पुरणपोळीचं जेवण सरांच्याच घरी होतं. "बाळ, सरांनी शिकवलंय तेच लिहावं," परीक्षक हसत म्हणाले. "आवं पण सर, रांगा सरळ हायत की," मी म्हणाले. "फर्स्ट क्लास नको का तुला?" तीस कोटी वर्षं दगडात टिकलेलं झाड मी एका रेघेत खोडलं. फर्स्ट क्लास मिळाला. पुढं एमएस्सी करून त्याच कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. तेवढ्या काळात ती चिठ्ठी दोनदा फाटली. दोन्ही वेळा नवी मीच लिहिली, सुवाच्य अक्षरात, लेपिडोडेंड्रॉन.