साठ हजारांची ओळख

अपमान माझ्या वडिलांचा झाला. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, मुलुंडच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये. वय चौपन्न. अठरा वर्षं ड्रायव्हर. त्या दिवशी गिऱ्हाईक.

शोरूमच्या मधोमध पांढरी गाडी उभी होती. आम्हाला घ्यायची होती तीच. दार उघडं होतं, पप्पा आत बसले. सीट मागे सरकवली, आरसा हलवून पाहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. फोटो काढावा म्हणून मी मोबाईल काढला. तेवढ्यात टाय लावलेला सेल्समन आला. माझ्याच वयाचा, पंचवीस-सव्वीसचा. पप्पांना बघून हसला.

"अरे काका, तुम्ही. साहेब कुठेत? गाडी लावतायत का?"

पप्पा म्हणाले, "साहेब नाही आले."

"मग उतरा ना आधी. कस्टमर लोक बघतात. ड्रायव्हरने खाली पार्किंगमध्ये थांबायचं, माहितीये ना तुम्हाला."

पप्पा उतरले. सॉरी म्हणाले. खिशातून रुमाल काढला आणि जिथे हात ठेवले होते तिथे स्टिअरिंग पुसलं. मग जिन्याकडे वळले. खाली, पार्किंगकडे.

हे पुन्हा लिहिते, कारण मलाच ते अजून पचत नाही. ज्या माणसाच्या खिशात गाडीच्या बुकिंगचे पैसे होते, तो माणूस पार्किंगकडे चालायला लागला. कोणी ढकललं नव्हतं. पाय आपोआप गेले. मी मागून त्यांचा शर्ट धरला. म्हटलं, "पप्पा, आपण घ्यायला आलोय."

सेल्समनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा, स्वतःसाठी? बोलायचं ना मग, काका." म्हणजे चूक पप्पांचीच.

हे शोरूम पप्पांनीच निवडलं होतं. मी म्हणत होते, घाटकोपरला जाऊ, अंधेरीला जाऊ, चार ठिकाणी विचारू. पप्पा म्हणाले, "कशाला वणवण? मुलुंडला मला ओळखतात." आमच्या माणसांची फसगत इथेच होते. कुणी आपल्याला नावाने हाक मारली की आपल्याला वाटतं, ओळख झाली.

तीन आठवड्यांपूर्वी पप्पांच्या साहेबांनी इथूनच नवी गाडी घेतली होती. मॉडेल हेच. साहेब मुलुंडचे, स्वतःच्या बंगल्यात राहणारे. लोक त्यांना चांगला माणूस म्हणतात. त्या दिवशी साहेब टेबलाशी पाय पसरून बसले होते आणि पप्पा त्यांच्या खुर्चीमागे उभे. भाव ऐकून साहेब हसले. म्हणाले, "जमत नसेल तर घाटकोपरला जातो." उठले. दारापर्यंत गेले आणि पप्पांना म्हणाले, "गाडी काढ रे." पप्पांनी खालून जुनी गाडी काढली आणि शोरूमच्या काचेसमोर इंजिन चालू ठेवून उभे राहिले. मॅनेजर धावत बाहेर आला. साहेब परत आत. असं दोनदा झालं. शेवटी साठ हजार कमी झाले. गाडीत बसल्यावर साहेब पप्पांना म्हणाले, "बघितलंस कसा वाकवला?"

आठ दिवसांनी साहेब म्हणाले, "ही ऑटोमॅटिक आहे. मीच चालवीन आता. महिनाअखेर तू मोकळा."

जी गाडी स्वस्त मिळावी म्हणून पप्पा दोनदा जिना उतरले, तिनेच त्यांची नोकरी खाल्ली.

चौपन्नाव्या वर्षी नवा साहेब मिळत नाही. म्हणून ठरलं, स्वतःची गाडी घ्यायची, टॅक्सी म्हणून चालवायची. पतपेढीने कर्ज मंजूर केलं ते साहेबांच्या पत्रावर. हा माणूस माझ्याकडे नोकरीला आहे, एवढंच त्या पत्रात होतं. ते महिनाअखेरपर्यंतच खरं होतं. त्यानंतर कर्ज नाही. त्या शनिवारी हाताशी उरले होते बारा दिवस. आईने बांगड्या मोडल्या. मी तीन वर्षांची बचत काढली. सगळं जमवूनही साठ हजार कमी पडत होते. साहेबांना सुटले होते, बरोबर तेवढेच. म्हणजे साहेबांचा भाव मिळाला तर गाडी. नाही मिळाला तर वस्तीतल्या माणसाकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलायचे, नाहीतर घरी बसायचं. तिसरा रस्ता नव्हता.

आणि तो भाव पप्पांना माहीत होता. आठवड्याभरापासून मी त्यांच्याकडून घोकून घेत होते. "टेबलावर बसल्या बसल्या बोलायचं पप्पा. साठ कमी करा." पप्पा मान हलवायचे.

टेबलावर बसलो. सेल्समनने नाव विचारलं. मग, "पूर्ण नाव?" पप्पांनी आडनाव सांगितलं. त्याने एकदा वर बघितलं आणि लिहून घेतलं. त्या बघण्याचा आम्हाला सराव आहे. मग त्याने छापलेला कागद सरकवला. गाडी, आरटीओ, विमा, वर मॅट आणि सीट कव्हर. ती कुणी मागितली नव्हती.

पप्पा कागद बघत राहिले. मी टेबलाखालून पायाने ढोसलं. पप्पांनी पाय मागे घेतला.

सेल्समन म्हणाला, "काका, परवडेल ना? नाहीतर मागच्या बाजूला जुन्या गाड्या पण आहेत आपल्याकडे. चांगल्या कंडिशनमध्ये."

आणि मी बोलले. मी, जी वस्तीच्या संघटनेची पत्रकं लिहिते. जिने पाण्याच्या जोडणीसाठी वॉर्ड ऑफिसच्या दारात घसा फोडलाय. मी म्हणाले, "परवडतं."

तो एक शब्द आम्हाला साठ हजारांना पडला असता. का बोलले? कारण तो जुन्या गाड्यांकडे बोट दाखवत होता आणि मला त्याच्यासमोर गरीब दिसायचं नव्हतं. साहेबांनी भाव केला की ती हुशारी. आम्ही केला की खिसा फाटका असल्याची कबुली. म्हणून आमच्या बाया कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं भांडतात आणि काचेच्या दुकानात मुकाट छापील किंमत भरतात. आणि उठून जायचं तर कसं जायचं? काचेसमोर आणून उभी करायला आमच्याकडे गाडी कुठे होती? आम्ही भांडुपहून रिक्षाने आलो होतो.

"मग आज बुकिंग करून टाका," सेल्समन म्हणाला. "सोमवारी हा पण भाव राहणार नाही."

पप्पांनी पेन घेतलं. मला दिसत होतं ते कसला हिशेब करतायत. दहा टक्क्यांचा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. थंडगार एसीत. पेन कागदाला टेकलं.

मी विचारलं, "पप्पा, साहेबांना केवढ्याला दिली?"

"गप बस."

"केवढ्याला दिली, पप्पा?"

पेन थांबलं. पप्पा टेबलाकडे बघत म्हणाले, "साठ कमी."

सेल्समन हसला. "काका, ते साहेब आहेत. त्यांचं वेगळं असतं."

शेजारच्या टेबलावर नवरा-बायको बसले होते. तेच मॉडेल. बाई नुकतीच म्हणाली होती, "एवढे कमी केलेत, अजून पाच करा ना." मी खुर्ची वळवली. विचारलं, "ताई, तुम्हाला किती सोडले?"

बाईने कागदावर हात ठेवला. पालथा. "अहो, असं कसं विचारता तुम्ही? आमचं पर्सनल आहे ते."

तिचं काही वाकडं होणार नव्हतं. भाव बोलून झाला होता. तरी हात ठेवला.

आवाज ऐकून मॅनेजर आला. गोड बोलायला लागला. "मॅडम, साहेब आमचे जुने कस्टमर. त्यांची ओळख आहे इथे."

तेव्हा पप्पांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदा.

"अठरा वर्षं सर्व्हिसिंगला गाडी कोण आणतं?" ते म्हणाले. "साहेब एकदा तरी आलेत का? मी आणतो. सकाळी लायनीत मी उभा राहतो. बिलावर सही माझी असते. मग ओळख कोणाची?"

मॅनेजरने खिशातून फोन काढला. त्याने साहेबांना लावला, हसत हसत काहीतरी सांगितलं आणि फोन पप्पांच्या हातात दिला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"माझा भाव चारचौघांत सांगतोस? लाज नाही वाटत?"

"साहेब, मला पण तीच गाडी घ्यायचीय."

"तुझी नि माझी बरोबरी आहे का रे?"

पप्पांनी फोन टेबलावर ठेवला. बंद केला नाही, नुसता ठेवला. आतून साहेब बोलतच होते. पप्पांनी पेनला टोपण लावलं, कागद सेल्समनकडे सरकवला आणि उभे राहिले. मॅनेजर म्हणाला, "बसा हो काका, रागावू नका. दहा कमी करतो. मॅट फ्री." पप्पा म्हणाले, "मॅट मागितलीच नव्हती."

आम्ही मुलुंडहून भांडुपपर्यंत चालत आलो. पप्पा माझ्या चार पावलं पुढे.

सोमवारी पतपेढीतून निरोप आला. साहेबांनी पत्र मागे घेतलं होतं. कर्ज रद्द. नोकरी शनिवारीच, त्या फोनबरोबर गेली होती. आई मला म्हणाली, "भांडायची खाज तुला आणि भोगायचं त्यांनी." खोटं नव्हतं ते. बांगड्या तर मोडल्याच होत्या. तिसऱ्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, "माझं चुकलं असेल तर सांगा." ते चपला घालून बाहेर गेले.

संध्याकाळी परतले ते हातात कॅलेंडरचं एक पान घेऊन. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने आकडे. मुलुंडला ज्या टपरीपाशी सगळे ड्रायव्हर चहाला थांबतात तिथे ते दिवसभर बसले होते. प्रत्येकाला एकच प्रश्न. तुझ्या साहेबाला गाडीवर किती सुटले? नऊ जणांनी सांगितलं. नऊही जणांना आकडा तोंडपाठ, कारण भाव होताना ते खुर्चीमागे उभे होते. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पानाच्या तळाशी आणखी तीन नावं. आमच्याच वस्तीतली माणसं, टॅक्सीसाठी गाडी घेतलेली. तिघांनी छापील किंमत भरली होती. तिघांनी मॅटही घेतली होती.

पप्पांनी पान माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "लिही."

"साहेबांचं पण लिहू?"

"सगळ्यात आधी ते लिही."

मी लिहिलं. पत्रक निघालं. दर शनिवारी आम्ही दोघं ते शोरूमबाहेरच्या फुटपाथवर वाटतो. वॉचमनने दोनदा हाकललं, आम्ही दोनदा परत आलो. कुणाला यात गोड शेवट हवा असेल तर तो नाही. आमच्या घरात गाडी नाही. कर्ज नाही. पप्पा रोजावर दुसऱ्याचा टेम्पो चालवतात आणि महिन्यातले दहा दिवस तोही मिळत नाही. कधी कधी मला भीती वाटते की त्या शनिवारी मी तोंड उघडलं नसतं तर आज दारात गाडी असती. असती. दहा टक्क्यांच्या ओझ्याखाली, पण असती.

तरी मी पुन्हा तोंड उघडणार. 'परवडतं' हा शब्द मी त्यांच्यासमोर परत उच्चारणार नाही. गाडी घेऊ तेव्हा साहेबांच्या भावाने घेऊ. एक रुपया वर देणार नाही. आणि आमच्या आधी वस्तीतला जो कोणी घ्यायला जाईल, त्याच्या खिशात आकड्यांचं ते पान असेल.

आता तुम्ही. हो, वाचणारे. तुमच्या दारात गाडी आहे. ती केवढ्याला पडली, छापील किमतीतून किती सुटले, तो आकडा आजच्या आज तुमच्या ड्रायव्हरला सांगा. वॉचमनला सांगा. घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना सांगा, त्यांचा मुलगा उद्या गाडी घ्यायला जाणार आहे. आणि शोरूममध्ये शेजारच्या टेबलावरून कुणी विचारलं, तुम्हाला किती सोडले, तर कागदावर हात ठेवू नका. तो कागद उचला आणि मोठ्याने वाचून दाखवा.