रिपोर्टात नसलेली खोट

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. भावापाशी नाही, मुलीपाशी नाही, देवळात एकटा बसलो असतानाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखत असतात, तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

तासगावात माझा बेदाण्याचा व्यापार आहे. सुरुवात पेट्या उचलण्यापासून केली; आज दोन गाळे आहेत, आणि ते मला कुणी आणून दिले नाहीत. सगळं एका कसबावर उभं आहे. शेतकरी माल समोर ओततो, मी मूठभर उचलतो, एक दाणा चावतो – आणि तोंड वाकडं करतो. माल कितीही चांगला असो. रंग उतरलाय म्हणायचं, गोडी कमी आहे म्हणायचं, आणि उठून चालायला लागायचं. आज सौदा मोडायचा, उद्या आपल्या अटीवर करायचा. तीस वर्षं हेच केलं. त्याची मला लाज नाही.

लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

माझी बायको शालन. माहेर भिलवडीकडचं, लहानपणी कृष्णेत पोहलेली. तिचा थोरला भाऊ नौदलात होता, निवृत्त झाल्यावर अंदमानातच राहिला. त्यानं तिला तिथल्या समुद्री राष्ट्रीय उद्यानाचे व्हिडिओ पाठवले – पाण्याखालची प्रवाळं, पिवळे-निळे मासे – आणि बाईनं टिपणांची वहीच केली. तिथली दोन बेटं आळीपाळीनं उघडी असतात, त्यातलं कुठलं कधी, सोमवारी बंद, परवाना आधी काढायचा, प्लास्टिक चालत नाही, म्हणून स्टीलच्या बाटल्या. भावानं सांगितलं, पाण्यात तोंड घालून खालचं बघायचं तर आधी भीती मोडायला हवी. तर ही रोज सकाळी अंगणात घमेलंभर पाणी घेऊन त्यात तोंड बुडवायची आणि बोटांवर आकडे मोजायची. शेजारीण म्हणायची, “आवं, मासा व्हायचा हाय का?” शालन निथळत्या तोंडानं म्हणायची, “मासा न्हाई, माशांची पाव्हणी.”

पंचावन्न वर्षांची बाई. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं होतं? आठवत नाही.

मग मला काय खुपत होतं? सांगतो – तिथंच यायचं आहे, पण पाय मागं ओढतात.

आमच्या लग्नात मी बँडवाल्याशी घासाघीस केली होती. माझे स्वतःचे पैसे होते, कष्टाचे. तेव्हा या मेव्हण्यानं भर मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “दाजी बँडवाल्याला सोडंनात, उद्या आमच्या शालनमधीबी खोट काढतील.” मांडव हसला. माझी आईसुद्धा हसली. एवढंच. तुम्ही म्हणाल, थट्टाच ती. असेल. पण ते हसणं मी तीस वर्षं जपून ठेवलं, आणि खरं सांगू? ते अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

आता त्याच माणसाच्या घरी उतरायचं, त्यानं काढलेल्या तिकिटावर, त्यानं ठरवलेल्या बोटीत बसायचं. माझ्याकडे ठरवायला काही ठेवलंच नव्हतं.

या वयात पाण्यात उतरायचं तर हृदय तपासून घ्या, हेही त्यानंच सांगितलं. सांगलीला शालनच्या सगळ्या तपासण्या केल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, काही म्हणजे काही नाही, खुशाल समुद्र दाखवून आणा. परत येताना रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी कडेला घेतली, तेवढ्यात मेव्हण्याचा फोन.

“दाजी, परवाना काढला बगा. तुमी फकस्त बॅगा भरा. हितं तुमची घासाघीस चालत न्हाई, सरकारी काम हाय.”

हसला. त्याच्या मागे आणखी कुणीतरी हसलं. मी पण हसलो.

घरी आलो तेव्हा शालन घमेल्यापाशीच होती. तोंड वर केलं, पदरानं पुसलं, म्हणाली, काय म्हणाले? आणि मी तोंड वाकडं केलं. अगदी तसंच – दाणा चावल्यावर करतो तसं. म्हणालो, तुझं काळीज कमजोर आहे. पाण्यात उतरायचं नाही, विमानात बसायचं नाही.

तिनं रिपोर्ट मागितला नाही. माझ्यावर अविश्वास दाखवायचं तिला कधी सुचलंच नाही. घमेल्याकडे बोट केलं. मग विचारलं, “आन् ह्यात तोंड घातलं तर चालंल?”

मी नाही म्हणालो.

माझा बेत काय होता? महिनाभरानं दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगायचं, सगळं बरं आहे म्हणायचं, आणि तिला माझ्या तिकिटावर, मी ठरवलेल्या बोटीत घेऊन जायचं. मेव्हण्याचा सौदा मोडायचा आणि माझा करायचा. पण माल पडून राहतो, माणूस पडून राहत नाही – हे मला कळायला हवं होतं की नको?

पंधरा दिवसांत ती जिना चढेनाशी झाली. मळ्याकडे ज्या स्कूटीवरून जायची, ती स्कूटी भाचीला देऊन टाकली. नातू झाला तर त्याला उचलून घेईना, माझ्या हातून पडेल म्हणाली. छातीवर हात ठेवून बसायची, आणि खरंच तिला धडधडायचं. औषध काय दिलंय, विचारलं तेव्हा मी साध्या शक्तीच्या गोळ्या आणल्या, वेष्टनातून काढून स्टीलच्या डबीत भरल्या, आणि रोज सकाळी चहाबरोबर एक द्यायला लागलो. मुलगी म्हणाली, पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी त्या डॉक्टरलाही नावं ठेवली. कुठलाही नवा डॉक्टर जुना रिपोर्ट मागणार आणि माझं खोटं उघडं पडणार, म्हणून माझा तो दुसरा डॉक्टरही मनातच राहिला.

सांगायला किती सकाळी मिळाल्या! चार वर्षांच्या सगळ्या सकाळी. रोज गोळी तळहातावर ठेवली, रोज तोंड मिटून घेतलं. आधी राग होता. मग भीती. आता काय आहे, मला माहीत नाही. आणि ती शेजारणींना सांगते – आमच्या यांनी वेळेवर ओळखलं, म्हणून मी वाचले.

गेल्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला. गुडघे गेलेत, तिथलं सगळं विकून गावाकडं येतोय म्हणाला. आवाज थकलेला होता. म्हणाला, दाजी, त्याआधी एकदा या. पाण्यात उतरायचंच नाही. बोटीच्या तळाला काच असते, बसल्या जागी दिसतं सगळं. जहाजानं या, विमान नको. मी डॉक्टरशी बोलू का?

फोन स्पीकरवर होता. शालननं तो माझ्या हातातून घेतला.

“दादा, त्यास्नी भरीस घालू नगंस,” ती म्हणाली. “माझं काळीजच तसलं हाय. त्यांनी लय जपलंय मला. तू ये परत.”

पलीकडे तो रडला. मी ऐकलं. रिपोर्ट गाळ्यातल्या कपाटात होता, घरापासून दहा मिनिटांवर. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिनं फोन बंद करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली, आणि मी डबीतून त्या दिवसाची गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.