बघायला आले शिरोळचे, भांडण इंग्लंडच्या माणसावरनं

रविवारी सकाळी कोल्हापुरात आमच्या घरी शिरोळचे पाहुणे आले. माझ्या नातीला, तेजूला बघायला. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मध्यस्थ... मुलाबद्दल सगळं मध्यस्थच सांगत होता, मुलगा पोह्यांकडं बघत होता.

आधीची दोन स्थळं "मुलगी फार बोलते" म्हणून परत गेलेली. त्यामुळं माझ्या लेकानं, संजयनं, तेजूला सकाळीच बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोल. पोरगी बँकेत काउंटरवर दिवसभर बोलते, तिथं त्याचा पगार मिळतो. घरात बोलली की स्थळ मोडतं... असो.

पोहे झाले, चहा झाला. मग हल्लीची पद्धत, दोघांना जरा बोलू द्या. आतल्या खोलीत पाठवलं आणि कोपऱ्यात मला बसवलं. राखणीला म्हातारी बरी पडते, तिला कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालतात.

मुलाचं नाव प्रशांत. तो पंख्याकडं बघतोय, ही पायाकडं. मी मनात म्हटलं, असंच बसायचं होतं तर एवढ्या लांबनं कशाला आलात?

टीव्हीवर चित्र थांबवून ठेवलेलं होतं. इंग्लंडचा एक विनोदवीर आहे, लई नाव आहे त्याचं. जेवणं झाली की तेजू त्याला लावते आणि मला मराठीत सांगत बसते. त्याची जुनी मालिका आहे, त्यात तो पोस्टातला कारकून. स्वतःच घोळ घालतो आणि स्वतःच तोंडावर पडतो. नव्या कार्यक्रमात मात्र कॅमेरा घेऊन खऱ्या लोकांच्या घरी जातो, गोड गोड बोलतो आणि त्यांची फजिती करून येतो.

प्रशांतनं टीव्हीकडं बोट केलं. "ह्याचं नवीन बघता का? एक नंबर हाय."

झालं! तेजूनं मान वर केली. "नवीन? जुनं चांगलं होतं. नवीन म्हणजे नुसता टवाळपणा."

प्रशांत सावरून बसला. जुनं सगळं घोकून केलेलं, म्हणाला. नव्यात खरी माणसं दिसतात. कॅमेरा आला की ठेवणीतले कपडे काय घालतात, नसलेला रुबाब काय दाखवतात... मला आमच्या बाहेर काढलेल्या ठेवणीतल्या बशा आठवल्या.

तेजू काही ऐकेना. "तो कबुतरं पाळणारा म्हातारा बघितला का? किती हौसेनं दाखवत होता. त्याच्याच घरी चहा प्यायचा आणि त्यालाच हसायचं? उद्या आमच्या आजीला असं बसवलं तर?"

"बसवून बघू दे की मला," मी म्हटलं, "त्यालाच रडवून घालवीन."

प्रशांत हसला, पण मुद्दा सोडला नाही. "त्या म्हाताऱ्याला कुठं हसत्यात लोक, आज्जी? हसत्यात ते ह्यालाच. कबुतरातलं ह्याला काय बी कळत न्हाय, ते त्यानंच दाखवलं की!"

"काहीही!" तेजूचा आवाज चढला. मग त्याचाही चढला. लग्न, पगार, स्वयंपाक सगळं राहिलं बाजूला... कबुतरांवरनं रण पेटलं.

बाहेर शब्द कळत नव्हते, पोरगी तडतडतेय एवढं कळलं. संजय तरातरा आत आला. त्याच्या मागोमाग मुलाची आई दारात, पर्स खांद्याला. मी म्हटलं, गेलं हेही.

"तेजू, गप्प बस! पाहुण्यांशी असं बोलतात?" संजय ओरडला. एवढी भांडणारी पोरगी, तिनं चटकन मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. ह्या खाली घातलेल्या मानेवर उद्या संसार करायचा तिनं?

मुलाच्या आईनं मला विचारलं, "कशावरनं चाललंय ओ?"

"इंग्लंडच्या एका माणसावरनं."

"तुमच्या पावण्यातला हाय व्हय?"

"टीव्हीतला हाय. आमची म्हणते जुनं चांगलं, तुमचा म्हणतोय नवं."

बाई लेकाकडं बघतच राहिल्या. "ह्यो म्हणतोय?"

मग उलगडा झाला. बाई आमच्या पोरीच्या आवाजानं उठल्याच नव्हत्या. "ह्याचा आवाज ऐकून उठलो ओ मी. घरात काय बी इचारा, व्हय न्हाय तर न्हाय. लग्न करायचंय का न्हाय, ते बी धड सांगंना. आज एवढं कुणाशी बोलतोय म्हणून बघाय आलो."

संजय जागच्या जागी थांबला. प्रशांतचे कान लाल झालेले, तरी म्हणाला, "काका, बसा की जरा भाईर. माझं अजून राह्यलंय."

बाई संजयला घेऊन बाहेर गेल्या, पर्स खाली ठेवली आणि आणखी पोहे मागितले. तेजूनं मान वर केली. "बोला," म्हणाली, "पण चूक तुमचीच आहे."

त्यांचा होकार लगेच आला. तेजूनं मात्र सवडीनं विचार केला, मग हो म्हणाली. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची ठरलीय. रोज फोन असतात, जुनं की नवं अजून मिटलेलं नाही... मला कुणी विचारलं नाही, पण जुनंच बरं. तो कबुतरवाला म्हातारा मात्र नव्यातच भेटला, हेही खरं.

मला बघायला आले तेव्हा चालून दाखवायला लावलं, केस सोडून दाखवायला लावले. आवाज कुणी ऐकला नाही. आमच्या ह्यांच्याशी मनासारखं भांडायला मला कैक वर्षं लागली, आणि तोवर पोटात इतकं साठलं होतं की भांडण कशावरनं ते दोघांनाही कळेना.

संसारात भांडणं काही चुकत नाहीत. ह्या दोघांनी सुरुवात घराबाहेरच्या माणसापासनं केली, तेवढे त्या इंग्लंडवाल्याचे उपकार.