हो म्हणणारी एकही नाही

चहाचा कप जरा घट्ट धरा. सांडला तर मला बोल लावायचा नाही! भर मेळाव्यात, माइकवरून माती खाल्लेला माणूस तुमच्यासमोर बसलाय.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. सांगलीत वधूवर मेळावा होता. मी कंप्युटर क्लासचा मास्तर, स्वतः बिनलग्नाचा, म्हणून सगळ्यांची माहिती भरायचं काम माझ्याच गळ्यात.

तासगावचा माझा चुलतभाऊ शिवाही आला होता. द्राक्षबाग झकास, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, पण शेती करतो म्हणून जाईल तिथं नकार! म्हणाला, "आज जमलं न्हाई तर बाग सोडतो आन् पुन्यात वॉचमन हुतो."

आयोजक काकांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "गड्या, शेतकरी नवरा चालंल का, ह्यो बी रकाना ठेव." ठेवला की!

मेळाव्यात मी ऐटीत कंप्युटरला हुकूम सोडला, 'हो' म्हणणाऱ्या मुली दाखव. स्क्रीन कोरा! शहाणा माणूस इथं थांबला असता. मी माइक उचलला. "शेतकरी नवरा एकाही मुलीला चालत नाही. कंप्युटरच सांगतोय!"

शिवा पिशवी उचलून दाराकडे निघाला.

तेवढ्यात मुलींमधून पाटणची सुनंदा उठली. "आवं मास्तर, न्हाई कोण म्हणल्या, ती नावं काढा की."

काढली. स्क्रीन पुन्हा कोरा!

"हो म्हणणारी न्हाई, न्हाई म्हणणारीबी न्हाई. मग आमी मुक्या हाय व्हय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रकाना ठेवला होता, पण मुलींना विचारलं कुणी होतं? सगळ्यांचा रिकामा! आणि रिकामा रकाना 'हो'तही सापडत नाही नि 'नाही'तही. हे मी क्लासमध्ये शिकवायचो, बरं का!

"आरं मग आता इचार की!" काका खेकसले.

निघालो माइक घेऊन मुलींच्या रांगेतून. कुणी 'नको' म्हणाली, कुणी 'बघू'. सुनंदा म्हणाली, "पानी असंल तर चालंल."

"इहीर हाय!" शिवा दारातून केवढ्यानं ओरडला!

परतीच्या एसटीत गडी नुसता हसत होता. मलाही लय बरं वाटलं. मग त्यानं मला कोपरानं ढोसलं. "तुला रं? हो म्हणली का कोण?"

"एकबी न्हाई."

"आन् न्हाई कोण म्हणली?"

"तसंबी कोण न्हाई."

शिवा बघतच राहिला. बघेल नाही तर काय! अख्ख्या हॉलला विचारून आलो होतो मी, पण स्वतःसाठी तोंडच उघडलं नव्हतं!