दादाने बांधलेली गाडी

दादाला चहासुद्धा बसून पिता यायचा नाही. मिरजगावात हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं. एका हातात कप, दुसऱ्या हातात पाना, आणि पिता पिता गाडीभोवती फेऱ्या. मी त्याचा सख्खा मावसभाऊ, पण माझ्याशी बोलतानाही त्याचे डोळे उघड्या बॉनेटमध्येच असायचे.

मोबाईलवर कुठल्याशा मोटार रॅलीचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने भंगारातून एक जुनी जीप ओढून आणली. "हिला माळावरनं पळवायची," एवढंच म्हणाला. टप कापून आत जाड पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. उडी मारल्यावर गाडी नाकावर पडू नये म्हणून इंजिन मागे सरकवलं. धुळीने इंजिन गुदमरू नये म्हणून हवा घेणारं नळकांडं पार पिंजऱ्याच्या वर नेलं. शर्यतीत रस्ता सांगायला शेजारी माणूस लागतो. तो मी झालो.

पहिल्या शर्यतीत ओढ्यातच एक्सल तुटला. दुसऱ्या शर्यतीत पोहोचलो, पण सगळ्यांच्या शेवटी, रेडिएटर उकळत. तिसरी शर्यत जामखेडच्या बाजूच्या माळावर होती. तिथे आमच्या गटात आम्ही पहिले आलो. लोक हार घेऊन शोधत होते आणि दादा गाडीखाली आडवा.

"उजवं मागचं चाक लई येळ हवेत राहातंय," तो खालूनच म्हणाला.

"अरे, जिंकलो आपण."

"व्हय, पन चाकाचं बघाय पायजे."

जिंकलेली गाडी त्याने घरी पोहोचताच खोलली.

पुढच्या शर्यतीत एका उंचवट्यावरून गाडी उडाली, तिरकी आदळली आणि कलंडली. मला खरचटलं. दादाच्या पाठीचा मणका दुखावला. दवाखान्यात मला पाहताच त्याने विचारलं, "पिंजरा कुठं वाकला?"

"कुठंच नाही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तसाच म्हणाला, "तुला काय झालं असतं तर मावशीला काय तोंड दावलं असतं मी?"

चालता येईल, पण गाडीचे दणके कायमचे बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग घरात त्याची तगमग बघवेना. खिडकीशी उभा राहून जाणाऱ्या ट्रकचे बिघाड आवाजावरून सांगायचा आणि कोणी ऐकलं नाही की चिडायचा. वहिनी शेतात ट्रॅक्टर चालवायच्या. शेवटी एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "गाडी मी चालवते."

"ट्रॅक्टर न्हाई तो."

"ठावं हाय. तुमी असं घरात घिरट्या घालन्यापरीस बरं."

त्याने होकार दिला नाही. पण शर्यतीच्या सकाळी वहिनींचा सीटचा पट्टा त्याने स्वतः आवळला. पुन्हा सोडला, पुन्हा आवळला.

शेजारी मीच होतो. वहिनी चौथ्या आल्या. दादाने शाबासकी दिली नाही. "काय जड गेलं?" असं विचारलं.

"स्टेअरिंग. खांदे भरून आले. गाडी तुमच्या मापानं बनवलीया, माझ्या न्हाई."

गाडीबद्दल दुसऱ्या कोणाचं काही त्याने मुकाट ऐकून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने सीट पुढे घेतली, पेडल जवळ आणले, एका मोडीत निघालेल्या कारचं पॉवर स्टेअरिंग काढून बसवलं. पुढच्या शर्यतीत वहिनी दुसऱ्या आल्या.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून उठताना दादा छाती धरून कोसळला. दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही. दिवसकार्य झाल्यावर गाडीला गिऱ्हाइकं यायला लागली. वहिनींनी सगळ्यांना परत पाठवलं.

या वर्षी वहिनी आणि मी पुन्हा शर्यतीत उतरलो. दरीकडे झुकलेल्या एका उतारावर गाडी घसरायला लागली. मी रस्ता सांगायचा थांबलो.

"भावजी, भ्यालात का?" वहिनींनी समोर बघतच विचारलं.

"हो."

"मी पन," त्या म्हणाल्या आणि गिअर बदलला. "फुडं डावं का उजवं, तेवढं सांगा."