नीलमच्या नकला

अंबिका गोडदेवला राहते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एकात ती पॅकिंगला जाते. नवरा सदू रिक्षा चालवतो. दोघं मूळचे रत्नागिरीकडचे, लग्नानंतर इथेच रुळलेले. स्वतःचं मूल नाही, पण घरात संजना आहे, अंबिकाच्या धाकट्या बहिणीची, नीलमची मुलगी. संजना पहिलीत असताना तिच्या वडिलांनी, रोशनने, तिच्या आईचा ओढणीने गळा आवळला. भरदुपारी, जवळच्याच खारी गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत. रोशनला जन्मठेप झाली. संजना त्या दिवशी शाळेतून मावशीकडे आली ती इथलीच झाली. आता ती बारावीला आहे.

मधल्या काळात अंबिकाने नीलमचा विषय काढणंच सोडलं होतं. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचेच, "पण त्याला एवढा राग आला कशाचा?" कारण कळलं की जणू त्यांना बरं वाटणार होतं.

म्हणून रसिका पहिल्यांदा घरी आली तेव्हा अंबिका दारातच उभी राहिली. रसिका मीरा रोडची, पूर्वी वर्तमानपत्रात होती, आता पुस्तकं लिहिते. म्हणाली, "ताई, खटल्याचे सगळे कागद वाचलेत मी. त्यात नीलम फक्त 'मयत' आहे. ती कशी होती ते मला कुणीच सांगत नाही."

असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. अंबिकाने तिला आत घेतलं.

मग रसिका रविवारी यायला लागली. जमिनीवर मांडी घालून जेवायची. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी तिला फार आवडायची. 'मॅडम'ची 'रसिका' झाली, मग अंबिका तिला अगंतुगं करू लागली. रसिका मोबाइल चालू करून ठेवायची आणि अंबिका बोलत सुटायची. नीलमने हट्टाने ब्युटी पार्लरचा कोर्स केला, खोलीतच आरसा लावून धंदा सुरू केला. आणि तिच्या नकला! कोण घरी येऊन गेलं की दार लागताच नीलम त्याच्यासारखी चालून दाखवायची. अंबिकाचीही करायची. रोशन रुसून गप्प बसला की त्याच्यासमोर जाऊन तस्साच चेहरा करून बसायची, गाल फुगवून.

"मग?" रसिकाने विचारलं.

"मग काय, आम्ही सगळे हसायचो. शेवटी तोपण हसायचा. तो हसेपर्यंत उठायचीच नाही ती."

हे सांगताना अंबिका स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी वर्षांनी ती नीलमवरून हसत होती. रसिकाही हसली, आणि निघताना डोळे पुसून गेली.

दुसरंही सांगितलं तिने. नीलम एकदा ऐन मे महिन्यात बंद गळ्याचा ड्रेस घालून आली होती. अंबिकाने कॉलर खाली ओढली तर गळ्यावर बोटांचे वळ. "मारलं त्याच्या आधीही त्याने एकदा गळा धरला होता, रसिका. मी तिला म्हटलं, इथेच राहा. ती म्हणाली, बघते."

एका रविवारी रसिका म्हणाली, "मी तुरुंगात जाऊन रोशनला भेटले, ताई."

अंबिकाचा भाकरी थापणारा हात थांबला.

"त्याचंही ऐकावं लागतं. नाहीतर पुस्तक एका बाजूचं होईल."

"ऐक," अंबिका म्हणाली. "खोटं बोलेल तो. पण ऐक." तिचा रसिकावर तेवढा विश्वास होता.

पुस्तक आलं तेव्हा रसिका पेढे घेऊन आली. पहिल्या पानावर 'अंबिकाताईंचे आभार' छापलं होतं. गाळ्यातल्या शेठने हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "अंबिकाबेन, आपका नाम तो छप गया!" अंबिका लाजली.

ती रोज कामावरून आल्यावर थोडं थोडं वाचायची. सुरुवात रोशनच्या लहानपणापासून होती. आई लवकर गेली, काकांकडे उष्ट्यावर वाढला, दुकानाच्या फळीवर झोपला. ते वाचून अंबिकालाही वाईट वाटलं. तिने सदूला सांगितलंसुद्धा, "हे मला माहीत नव्हतं."

मग रोशनचं लग्न झालं आणि पुस्तकात नीलम आली.

'घरात त्याच्या अबोल्याची थट्टा व्हायची,' असं तिथे लिहिलं होतं. 'नीलम त्याची नक्कल करायची, आम्ही सगळे हसायचो, असं तिची बहीण अंबिका आजही हसत हसत सांगते. त्या हसणाऱ्या घरात एक माणूस रोज थोडा थोडा लहान होत होता.'

अंबिकाने ते पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. 'तोपण हसायचा' हे कुठेच नव्हतं. बंद गळ्याचा ड्रेस नव्हता. गळ्यावरच्या वळांच्या जागी 'दोघांमध्ये पूर्वीही कुरबुरी झाल्या होत्या' एवढंच होतं. पुढे तुरुंगातला रोशन होता, बागेत गुलाब लावणारा, चिमणीला भात घालणारा. तिथे रसिकाने फार सुंदर लिहिलं होतं.

अंबिका मीरा रोडला रसिकाच्या घरी गेली. रसिका खूश झाली, चहा ठेवायला निघाली.

"चहा नको. मी हसत हसत सांगितलं, असं लिहिलंयस तू."

"तुम्ही हसलाच होतात ना, ताई."

"नीलमच्या आठवणीने हसले मी! त्याच्यावर नाही. आणि तोपण हसायचा, हे सांगितलं होतं ना तुला?"

रसिका खुर्चीत बसली. शांतपणे म्हणाली, "रोशन म्हणतो, तो वरवर हसायचा. आतून त्याला लागायचं. मला ते खरं वाटलं."

"आणि गळ्यावरचे वळ? ते खरं नाही वाटलं?"

"तो म्हणतो, तसं काही झालं नव्हतं. दोन्हीकडून वेगळं येत होतं, म्हणून मी मोघम ठेवलं." मग ती पुढे झुकली. "मी त्याची बाजू घेतलेली नाही. फक्त त्याला माणूस म्हणून बघितलं. तो राक्षस आहे म्हटलं की आपण सुटतो, ताई."

"मी कुठे म्हटलं राक्षस? माणूसच आहे तो. पण मग माझी बहीण कोण होती?"

"ती बोलायला नव्हती ना."

"मी होते," अंबिका म्हणाली. "तुझ्यासमोर बसले होते. जेवायला वाढत होते तुला."

रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अंबिकाला त्या पाण्याचा पहिल्यांदाच राग आला. "माझं जे जे आहे ते काढून टाका पुस्तकातून, मॅडम," एवढं सांगून ती निघाली. पुढच्या छपाईला नक्की बघते, असं रसिका जिन्यापर्यंत येऊन म्हणाली.

अंबिकाने पुस्तक कपाटात वर टाकलं होतं. पण संजनाला ते सापडलं. वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी उभी राहिली.

"मावशी, आई बाबांना सगळ्यांसमोर असं करायची?"

अंबिकाने समजावायचा प्रयत्न केला. नीलमसारखे गाल फुगवूनही दाखवले. संजना हसली नाही. तिने ते आधी पुस्तकात वाचलं होतं, आता मावशीचे गाल तिला तसेच दिसत होते.

"मला बाबांना भेटायचंय," ती म्हणाली.

सदू चिडला. नाही म्हटलं तर पोरगी रसिकाबरोबर जाईल, हे अंबिकाला कळत होतं. तुरुंगाची परवानगी मिळाल्यावर ती स्वतःच संजनाला घेऊन गेली. स्वतः आत गेली नाही, बाहेर झाडाखाली थांबली.

संजना बाहेर आली ती तडक चालायला लागली. बस स्टॉपवर आल्यावर म्हणाली, "रडले ते. मला म्हणाले, मोठी झालीस."

"अजून?"

"पुस्तकाचं विचारत होते. लोकांना आवडलं का, वाचून काय म्हणतात. माझ्या कॉलेजात कुणी वाचलं का." संजनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आईचं काहीच बोलले नाहीत. मीच विचारलं, तर म्हणाले, ते सगळं पुस्तकात आलंय."

अंबिकाला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपल्याला बरं वाटेल. तसं झालं नाही. तिने फक्त पोरीचा हात धरला, आणि संजनाने तो धरू दिला.

काही महिन्यांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. ती संजनानेच आणली. आभाराच्या पानावर अंबिकाचं नाव नव्हतं. दोघींनी उभ्याउभ्याच नकलांचं पान शोधलं. मजकूर होता तसाच होता. 'तिची बहीण अंबिका'च्या जागी आता 'एक जवळची नातेवाईक' असं होतं, आणि ती नातेवाईकही आजही हसत हसत सांगत होती.

त्यानंतर रसिकाचे फोन आले. अंबिकाने उचलले नाहीत.

परवा संजना जेवताना म्हणाली, "मावशी, आईचं काहीतरी सांग ना. पुस्तकात नसलेलं."

अंबिकाच्या ओठांवर खूप काही आलं. कोळणीशी घातलेली हुज्जत, पार्लरमधल्या गिऱ्हाइकाला भिवई चुकल्यावर मारलेली थाप, सासऱ्यांना दिलेलं उलट उत्तर. एकेक गोष्ट ती मनात उलटून बघू लागली, की ही दुसऱ्या कुणी सांगितली तर कशी ऐकू येईल. मग म्हणाली, "तिला फणसाची भाजी आवडायची."

"अजून?"

"अजून काय," अंबिका म्हणाली, आणि तिला आमटी वाढली.