जोसायानं न लावलेला ठिपका

जोसाया वापाचीनं दोन्ही तळवे तोंडाशी नेले की उत्तरेच्या बर्फाळ रानातल्या त्या आदिवासी गावच्या सभागृहातली माणसं खिडकीकडे बघायची. रानहंसांचा थवाच आला वाटायचं! नराची हाक, मादीचं उत्तर, मागं पडलेल्या पिल्लाची रडकी कुरकुर, तिन्ही भूमिका तो एकटा वठवायचा. वर त्याच्या बायकोचं, हॅनाचं, ठरलेलं वाक्य असायचं, "घरात बोलावलं तर ऐकू येत नाही याला, आणि तिकडे आकाशातल्यांना उत्तरं देतोय."

पण एवढा बोलका गडी अस्वलाबद्दल एक अक्षर काढत नसे. अस्वलाची शिकार झाली की घरी येऊन तो तंबाखूचा बटवा सासऱ्यापुढे निमूट ठेवायचा. म्हातारा पाईप पेटवायचा आणि बायका उठून मोठी पातेली काढायच्या. अस्वलाला ते 'आजोबा' म्हणत, आणि आजोबांना सगळं ऐकू जातं. जो त्यांच्याबद्दल, त्यांच्या घराबद्दल उघड बोलतो, त्याच्या वाट्याला ते पुन्हा येत नाहीत.

बेचाळीस वर्षं जोसाया आपल्या घराण्याच्या शिकारीच्या रानाचा कारभारी होता. यंदा पाण्यात बांध घालणारे बीव्हर कुठल्या तळ्यात धरायचे, कुठल्या तळ्याला विश्रांती द्यायची, हे तो ठरवायचा. त्या रानात एक लांब वाळूची टेकडी होती. तिच्या कुशीत आजोबांच्या गुहा. पायथ्याच्या तळ्याकाठी स्प्रूसचं एक उंच सूचिपर्णी झाड होतं. वडिलांच्या काळापासून शिकार झालेल्या आजोबांच्या कवट्या त्यावर सन्मानानं बांधलेल्या.

दोन वर्षांपूर्वी लिथियमच्या खाणीची माणसं नकाशा घेऊन आली. कुठे कशाची शिकार होते ते दाखवायला रंगीत ठिपके आणले होते: हंसांना हिरवा, माशांना निळा, मूस हरणांना लाल. जोसायानं हौसेनं चाळीसेक ठिपके लावले, प्रत्येकाची गोष्ट सांगितली. शेवटी त्यांच्यातल्या एका तरुण बाईंनी तपकिरी ठिपका पुढे केला. "आणि अस्वलं, काका?"

जोसाया खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला वाटलं, एवढा बोलणारा माणूस इथे गप्प झाला, यातच सगळं आलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि नकाशा गुंडाळला.

गेल्या सप्टेंबरात त्याची मुलगी क्लारा गावच्या कार्यालयातून कागद घेऊन आली. हॅना दारात हंसाची पिसं उपटत होती.

"बाबा, रस्त्याला खडी आणि वाळू टेकडीतून काढणार आहेत. इथे लिहिलंय, 'या जागेचा कोणताही वापर आढळला नाही.'"

"आढळला नाही? मी तिथे गप्प बसलो होतो!"

"गप्प बसणं त्यांच्या कागदावर उमटत नाही, बाबा."

"तिथलं बोलायचं नसतं."

"म्हाताऱ्या," हॅना हातातली पिसं झटकत म्हणाली, "दोन तास बडबडलास आणि नेमका तिथेच तुला मान आठवला."

"मान नव्हे. बोललो तर ते मला कायमचे सोडून जातील."

"आणि नाही बोललास तर त्यांना जायला घर उरेल का?"

जोसाया तीन दिवस नीट जेवला नाही.

खाणवाल्यांच्या पुढच्या सभेत तो उभा राहिला. हंसांची हाक नाही, विनोद नाही. सरळ नाव घेऊन त्यानं अस्वल म्हटलं. एकेक गुहा सांगितली, कोणती मादी कुठे विते ते सांगितलं, कवट्यांचं झाड सांगितलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी उठून बाहेर गेली. बोलणं संपलं तेव्हा जोसायाचा आवाज पार बसला होता.

कंपनीचा साहेब नम्र होता. त्यानं सगळं लिहून घेतलं. महिन्याभरानं उत्तर आलं: झाडाभोवती शंभर मीटर जागा सोडू. टेकडीचं काम मात्र ठरल्याप्रमाणे होईल. हरकतींची मुदत संपली आहे.

बर्फ पडायच्या आत टेकडीचं पोट कापलं गेलं. झाड राहिलं. त्याच्याभोवती नारिंगी फिती, आणि कवट्यांवर खडी फोडणाऱ्या यंत्राची पांढरी धूळ.

वसंतात बर्फ वितळल्यावर जोसाया सगळा काठ फिरला. एक पाऊलखूण नाही, झाडावर ओरखडा नाही. घरी येऊन त्यानं क्लाराला समोर बसवलं.

"रान आता तू बघायचं."

"मी? मी दिवसभर कार्यालयात कागद चिवडते, बाबा. मला काय येतं?"

"तू कधी त्यांच्याबद्दल बोललेली नाहीस. ते कुठे गेले असतील, तर तुला दिसतील. मला नाही दिसणार."

"तुम्ही बोललात म्हणून झाड तरी वाचलं."

"हो," जोसाया म्हणाला. "झाड वाचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते होडीपाशी गेले. क्लारा सवयीनं पुढे बसायला निघाली. जोसायानं तिला हातानं थांबवलं, स्वतः पुढे जाऊन बसला आणि मागचं सुकाणू तिच्याकडे सोडलं.

"कुठे न्यायची?" तिनं विचारलं.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"तू सांग."